वफ्राच्या वावरांवर अबू वैशाली

कुवेतमध्ये शेती आहे असं मी गावी सांगते तेव्हा बाया एकमेकींकडे बघतात. एकीनं तर तोंडावर विचारलं, "काकू, तिथं काय, पेट्रोल पेरतात का?" पेट्रोल नाही पेरत बाई. काकडी लावतात, टोमॅटो, वांगी, कांदा, आणि जनावरांसाठी लसूणघास. अगदी दक्षिणेला, सौदीच्या हद्दीजवळ वफ्रा म्हणून भाग आहे, तिथं मळ्याला मळा लागून आहे. मी स्वतः फिरून आलेय. म्हणजे मी जीपमधून फिरले. आमचे हे त्याच मळ्यांवरून, आकाशातून, पाठीला पंखा बांधून.

खोटं वाटेल, म्हणून आधी त्या मशीनचं सांगते. फवारणीचा पंप असतो ना, पेट्रोलवर चालणारा, पाठीवर घ्यायचा? तसलंच इंजिन. त्याला मागं मोठ्ठं पातं, भोवती जाळीचं कडं. वरती दोऱ्यांना बांधलेली कापडाची लांबलचक छत्री. यांच्यासमोर छत्री म्हटलेलं चालत नाही, विंग म्हणायचं. माणूस पळत सुटतो, छत्री डोक्यावर येते, पंखा ढकलतो आणि माणूस बसल्या जागी वर. इतकंच. खाली चाकं नाहीत, काही नाही. उतरायचं ते आपल्या दोन पायांवर, आणि पाय साठीला टेकलेले.

यांचं नाव परमेश्वर. लिहायला माझी हरकत नाही, लिहितो तो हात. तोंडानं मात्र लग्न झाल्यापासून कधी घेतलं नाही, आमच्या घरात तशी रीतच नव्हती. आणि नावच असलं, त्यामुळं माझी पंचाईत दुहेरी. बाकीच्या बाया ठेच लागली की परमेश्वराला हाक मारून मोकळ्या होतात. मला तिथंही विचार करून 'देवा' म्हणावं लागतं. कीर्तनात बुवा सगळ्यांकडून म्हणवून घेतात तेव्हा तेवढ्या शब्दाला मी नुसते ओठ हलवते.

हे तिथं एका दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचे. लढाई संपून कुवेत पुन्हा उभं राहायला लागलं तेव्हा आम्ही गेलो. महबूल्यात भाड्याचा फ्लॅट, खिडकीतून बोटभर समुद्र. आमची एकुलती एक वैशाली तिथंच शिकली, कुवेत सिटीत बँकेत लागली. सगळं सुरळीत होतं. मग एक दिवस अबू खालिद नावाचा कुवेती गृहस्थ गुडघ्याचा एक्स-रे काढायला आला आणि नेमकं मशीन बंद पडलेलं. हे दुरुस्त करत होते, तो बाकड्यावर बसलेला. यांनी सहज विचारलं, "कशानं पडलात?" त्यानं वर छताकडं बोट दाखवलं. दुसरा माणूस असता तर तिथंच शहाणा झाला असता. हे पुढच्या सुट्टीला त्याच्याबरोबर गेले.

या अबू खालिदला हिंदी येत असे. त्याच्या वडिलांचा मुंबईशी खजुराचा व्यापार होता. माझी हिंदी आमच्या लातूरकडची, 'हौ' आणि 'नक्को'वाली, त्यामुळं आमचं छान जमायचं. एवढंच, की मला हाक मारताना तो प्रत्येक वेळी अडखळायचा. "उम्म... वैशाली!" मला वाटायचं, बिचाऱ्याला माझं नाव आठवत नाही, 'उम्म' करत आठवतो आणि शेवटी पोरीचंच नाव घेतो. मी दोनदा त्याला माझं नाव सांगितलंसुद्धा. तो मान हलवायचा आणि पुन्हा "उम्म... वैशाली!"

तर यांची निवृत्ती आली. वसंतात कायमचं गावी यायचं ठरलं, आणि एका संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "मशीनपण नेऊ."

माझा घास हातात राहिला. "गावी? तिथं डोक्यावर विजेच्या तारा, खाली बाभळी, आणि बघायला अख्खं गाव. मी इतकी वर्षं घरी जायची वाट बघितली, ती काय तुमच्या पायाचं प्लॅस्टर बघत बसायला?"

"मी पडत नाही."

"अबू खालिदपण असंच म्हणत असेल."

बराच वाद झाला. शेवटी मीच तोडगा काढला. जायच्या आधी यांनी आणि अबू खालिदनं वफ्राची सफर ठरवली होती, समुद्राच्या बाजूनं उडत जायचं, मळ्यात मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी सगळे मळे पार करून पलीकडं उतरायचं. मी म्हटलं, मीपण येते, जीपमधून. सबंध सफरीत एकदाही पडला नाहीत तर मशीन गावी येईल. एकदा जरी जमिनीला अंग लागलं तर तिथल्या तिथं अबू खालिदला देऊन टाकायचं.

"उतरताना नुसता बसलो तर?"

"बसणं म्हणजे पडणंच."

"पंच कोण?"

"मी."

यांनी जरा विचार केला. "कबूल," म्हणाले.

समुद्राकडची बाजू

तेव्हा तिथं गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची. गुरुवारी उजाडता उजाडता निघालो. वैशू जीप चालवत होती. मागं मशीन, पेट्रोलचे डबे आणि माझं जेवणाचं गाठोडं. गाठोड्याबद्दल सांगायलाच हवं. थंडीचे दिवस, येळवस दोन दिवसांवर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या लातूर-उस्मानाबादकडं घरात कोणी जेवत नाही. सगळे वावरात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटंच, करायची, पूजा करायची, आणि मग सगळ्या शेंगाभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, मडक्यातलं ताकाचं आंबट अंबील. ओळखीचा-बिनओळखीचा जो बांधावरून जाईल त्याला हाताला धरून बसवायचं. कुवेतमध्ये मी इतकी वर्षं येळवस गॅलरीत केली, मेथीच्या कुंडीभोवती. यंदा खरंखुरं वावर मिळणार होतं. म्हटलं, दोन दिवस आधी केली तर पंचांग समजून घेईल.

खिरानच्या अलीकडं रस्त्याकाठी सपाट जागा बघून थांबलो. अबू खालिद आधीच आलेला. त्यानं यांना, मला आणि वैशूला एकेक वॉकीटॉकी दिला आणि नियम सांगितले. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं काम, शेवटी 'ओव्हर'. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. आणि वाळूत पडलेली कुठलीही वस्तू उचलायची नाही, रस्ता सोडून जीप घालायची नाही. लढाईत पेरून ठेवलेलं काहीबाही अजून निघतं म्हणाला. हे सगळं त्यानं इतकं हसत सांगितलं की मला वाटलं चहाचं विचारतोय.

मग यांनी छत्री पसरली, ओलं लुगडं वाळत घालावं तशी. इंजिन सुरू केलं. धावले. छत्री वर आली, डोक्यावर थांबायच्या ऐवजी पुढं आली आणि यांच्यावरच पडली. आतून आवाज, "उभा आहे! मी उभा आहे!" बाजाराच्या पिशवीतून कोथिंबिरीची जुडी निघावी तसं आम्ही यांना बाहेर काढलं. उभे होते, खरं आहे. दुसऱ्या खेपेला दोरी कड्यात अडकली. तिसऱ्या खेपेला हे धावले, धावले, मला वाटलं आता हे धावतच वफ्राला जाणार, आणि पाय हवेतच धावायला लागले.

खरं सांगू? छान दिसत होते. घरात टेबलाच्या कोपऱ्याला ठेचकाळणारा माणूस, तिथं वर असा बसला होता जसा बंगईवर झोके घेतोय.

अबू खालिद पुढं, हे मागं, आणि खाली आम्ही डांबरी रस्त्यावरून. एका बाजूला थंडीतल्या सहलीचे तंबू, मध्येच रस्ता ओलांडणारे उंट, त्यांना घाई नाही, वैशूला आहे. उंटांसाठी थांबलो तेवढ्यात वर बघते तर दोघंही दिसेनात. मी बटण दाबलं.

"अहो! अहो, ऐकताय का? कुठं आहात?"

खरखर. मग अबू खालिदचा आवाज, "मिनो अहो?"

वैशू म्हणाली, "आई, ते विचारतायत, अहो कोण आहे."

"कोण म्हणजे? तुझे बाबा."

"आई, नाव घ्यायचं असतं. दॅट्स द रूल."

मी वॉकीटॉकी मांडीवर ठेवला. थोड्या वेळानं ठिपके पुन्हा दिसले, आणि रस्त्याच्या टोकाला झाडांची काळी रेघ. वाळूतून जाता जाता एकदम सुरूची झाडं, त्यामागं खजूर, त्यामागं प्लॅस्टिकची लांब लांब पांढरी घरं, काकडीची. शेणखताचा वास आला हो! कुवेतमध्ये!

धुराची भानगड

मळा अबू खालिदच्या चुलत भावाचा. फाटकाशी मुकादम उभा, सय्यद नाव, इजिप्तचा, पोटानं आणि आवाजानं मोठा. त्याला एकच काम दिलेलं. हे दोघं आकाशात दिसले की गवताचा ढीग पेटवायचा, म्हणजे धूर कुठं जातो त्यावरून यांना वाऱ्याची दिशा कळेल. वाऱ्याकडं तोंड करून उतरलं की माणूस अलगद थांबतो. वाऱ्याच्या पाठीनं उतरलं की पळत सुटावं लागतं.

आम्ही आधी पोचलो. मी जीपमधून उतरले, आकाश रिकामं, म्हणून वॉकीटॉकीत ओरडले, "अहो! अहो!"

सय्यद ताडकन उठला. "फेन? फेन?" करत चारी दिशांना बघायला लागला. मला वाटलं, यालाही काळजी दिसते. भला माणूस.

"अहोऽऽ!" मी पुन्हा.

सय्यदनं पळत जाऊन ढीग पेटवला. झकास धूर झाला. गडी जमले. सगळ्यांनी आकाशाकडं बघितलं. धूर वर गेला, विरला, ढिगाची राख झाली. आकाशात एक कबुतर.

सय्यद माझ्याकडं रागानं बघून वैशूला काहीतरी बोलला. वैशूनं कपाळावर हात मारून घेतला. "आई, इजिप्तच्या अरबीत 'अहो' म्हणजे 'तो बघ, तिथं आहे!' तू तीन वेळा सांगितलंस की ते दिसले म्हणून."

"मी यांना हाक मारत होते!"

"सय्यदला कसं कळणार ते?"

आणि तेवढ्यात खरंच दिसले. धूर नाही, गवत नाही. सय्यदनं अंगातला सदरा काढून हलवला, पण त्यावरून वारा काय कळणार. अबू खालिद मुरलेला, त्यानं झाडांच्या शेंड्यांवरून अंदाज घेतला आणि नीट उतरला. हे वाऱ्याच्या पाठीनं आले. पाय टेकले आणि पळायला लागले. रिकामा तुकडा संपला, वांग्याचे वाफे लागले, वाफ्यांवरून उड्या मारत, इंजिन पाठीवर, छत्री मागून फरफटत, आणि समोर काकडीचं प्लॅस्टिकचं घर. मी ओरडू तरी काय? 'अहो' म्हटलं तर सय्यद पुन्हा काही पेटवेल! प्लॅस्टिकला नाक लागायच्या आत थांबले. वळले. दोन्ही हात वर.

"उभा आहे!"

तोंड टोमॅटोसारखं लाल, पण उभे. पंच म्हणून मला मान हलवावी लागली. सय्यद मात्र वांग्यांकडं बघत होता. मग यांच्या पाठीवरचं यंत्र त्यानं नीट निरखलं, त्याचा चेहरा बदलला, आणि वैशूमार्फत विचारलं, की आलाच आहात तर मिरचीवर औषध मारून देणार का.

उम्म खालिद

मळ्यातल्या घरासमोर गालिचे टाकलेले. अबू खालिदची बायको आणि तिच्या जावा आधीच आलेल्या. थंडीत सुट्टीच्या दिवशी ही मंडळी सहकुटुंब मळ्यात येतात, लेकरं मोकळी सोडतात, बाहेर शिजवतात, बाहेर जेवतात. मी वैशूला म्हटलं, "अगं, यांची तर दर आठवड्याला येळवस!"

ताट आलं. ताट कसलं, परातच. भात, वर मटण. मी सांगितलं, आम्ही मांस खात नाही. अबू खालिदच्या बायकोला फार वाईट वाटलं. आत जाऊन चिकन घेऊन आली. तेही नाही म्हटल्यावर ती विचारात पडली आणि मासा मागवायला निघाली. शेवटी मी माझं गाठोडं सोडलं. भज्जी, उंडे, अंबिलाची बरणी. तिनं उंडा चाखला, मग भज्जी. डोळे मिटून म्हणाली, "लहम?" मटण आहे का म्हणून! नाही, वाल आहेत, तूर आहे, हरभरा आहे, चिंच आहे. तिनं जावांना बोलावलं. बघता बघता माझी भज्जी त्यांच्या परातीत आणि त्यांचा भात आमच्या पानात, मटण बाजूला सारून. अंबील मात्र त्यांना झेपलं नाही. एका जावेनं पेला तोंडाला लावला आणि खूप आदरानं खाली ठेवला.

जेवता जेवता अबू खालिदनं विषय काढला. उद्या मोठी मजल. वाटेत पुष्कळ मळे, माणसं खूप, आवाज स्पष्ट हवा. "नो अहो. नाम बोलो. बरमेश्वर." अरबांना 'प' येत नाही.

मी वांग्याच्या फोडीकडं बघत राहिले.

"वो नाम नहीं लेती," हे म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, पण थोडं काहीतरी होतं. मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

वैशूनं बायकांना अरबीत समजावलं. मला वाटलं आता हसतील. अबू खालिदची बायको अजिबात हसली नाही. उलट तिनं विचारलं, यात अवघड काय आहे? मीही माझ्या नवऱ्याचं नाव घेत नाही. त्याला अबू खालिद म्हणते, खालिदचा बाप. तो मला उम्म खालिद म्हणतो, खालिदची आई.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे हा मला इतके दिवस 'उम्म वैशाली' म्हणतोय ते..."

"वैशालीची आई," वैशू म्हणाली. "तुला काय वाटलं?"

काय वाटलं ते मी सांगितलं. वैशूनं ते अरबीत सांगितलं. त्यावर मात्र सगळ्या इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. अबू खालिदनं तर मुद्दाम हनुवटीवर बोट ठेवून, आभाळाकडं बघत, आठवल्यासारखं केलं, "उम्मऽऽऽ..."

मी मनात म्हटलं, काय शहाणी माणसं! आपल्याकडं बाईनं 'अहो' म्हणून वाऱ्यावर हाक मारायची, कोण वळेल ते वळेल. यांनी केवढी सोय करून ठेवलीय. नाव घेतलं नाही, आणि माणूस मात्र नेमका सापडतो. उद्यापासून हे वॉकीटॉकीवर 'अबू वैशाली' असं ठरलं. यांनी दोनदा म्हणून बघितलं. "बरं आहे," म्हणाले.

दुसरा दिवस

सकाळी दव पडलेलं. वैशूनं सय्यदकडून पलीकडच्या बाजूच्या वाटा समजून घेतल्या. मळ्यांमधून आडवे-उभे रस्ते, दोन्हीकडं कुंपणं, त्यामुळं जीपला वर बघत बघत वळणं घ्यावी लागणार होती. दोघंही व्यवस्थित उडाले.

ती सकाळ मी विसरणार नाही. एका मळ्यात कोबी, शेजारी गुलाब, त्यापलीकडं कुणा हौशी माणसानं पाळलेले शहामृग. गडी काम सोडून वर बघायचे. कुणी बंगाली, कुणी बिहारी, एक जण तर ओरडला, "ओ भैया, किधर से?" यांनी वरून ओरडून सांगितलं, "लातूर!" त्याला काय समजलं कोण जाणे, त्यानं सलाम केला. मी मधूनमधून ऐटीत बोलायची, "अबू वैशाली, उम्म वैशाली बोलतेय. डावीकडं तारा आहेत, ओव्हर." लगेच उत्तर, "बघितल्या, ओव्हर." लग्नानंतर इतका सुसंवाद पहिल्यांदाच. अर्ध्याहून जास्त मळे मागं पडले. मला आता धास्ती वेगळीच वाटायला लागली, की हा माणूस खरंच पडणार नाही आणि ते मशीन खरंच माझ्या अंगणात येणार.

मग पश्चिमेकडं आभाळ मातकट झालं. तिकडच्या धुळीला वेळ लागत नाही. अबू खालिदचा आवाज आला, की लवकर उतरायला हवं, पुढच्या मळ्यात मोकळी जागा आहे. आम्ही वळण घेतलं. यांचा आवाज, म्हणजे इंजिनाचा, खजुरांच्या मागून येत होता, फर्रर्र करत. मध्येच फट्फट् झाला. मग नाहीच.

एवढी शांतता मी कुवेतमध्ये कधी ऐकली नव्हती. खजुरांच्या शेंड्यावर छत्रीची एक कड दिसली, खाली गेली, दिसेनाशी झाली. माझा अंगठा बटणावर होता. तोंडातून काय निघालं ते निघून गेल्यावर मला कळलं.

"अरे परमेश्वरा!"

खरखर झाली. आणि आकाशातून, चटणी पुढं सरकव म्हणताना असतो तेवढ्या साध्या आवाजात, उत्तर आलं.

"हां, बोल."

वैशूनं ब्रेक मारला. माझ्याकडं बघितलं. रडावं की हसावं हे तिला ठरवता येईना. एवढ्या वर्षांत देवाला त्या नावानं पहिल्यांदा हाक मारली, तर तो लगेच 'ओ' देतो!

"इंजिन बंद पडलंय," आवाज पुढं म्हणाला. "भिऊ नको. हिरवं दिसतंय, तिथं उतरतो. ओव्हर."

वैशूनं जीप पळवली. खजुरांची रांग संपली तसा लसूणघासाचा मोठा तुकडा लागला, आणि त्यात चरणाऱ्या जाड शेपटांच्या मेंढ्या. हे खजुरांवरून निःशब्द येत होते, पाय खाली सोडलेले, सरळ त्या मेंढ्यांच्या दिशेनं. मेंढपाळ काठी उंचावून ओरडत होता. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

पुढचं मी ऐकलंय फक्त. 'धप्' असा आवाज. वैशूचं "येस! येस!" मग कापड सळसळल्यासारखं. मग मेंढ्यांचा एकच कल्लोळ. मग वैशूचं "ओ नो, नो, नो!" आणि मग खूप वेळ मेंढ्याच मेंढ्या.

हात काढले तेव्हा हे उभे होते. हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत पुढची सगळी बाजू हिरवीगार, एका पायातला बूट नाही. आणि लांब, कुंपणाकडं, यांची पिवळी छत्री आपली आपण पळत होती. तिच्याखालून मेंढ्यांचे पाय दिसत होते.

मी धावत गेले. हात दाबून बघितले, पाय दाबून बघितले. कुठं काही मोडलं नव्हतं.

"तू नाव घेतलंस," हे म्हणाले.

"मी देवाला हाक मारली."

"ओ मी दिली."

मी त्यांच्या मिशीतला पाला काढला.

अबू खालिद उतरून पळत आला. मेंढपाळाच्या आणि सगळ्यांच्या मदतीनं छत्री सोडवली. एका मेंढ्याच्या पायात दोऱ्या अडकल्या होत्या, त्याला सोडवताना तो अबू खालिदच्या दुखऱ्या गुडघ्यावरच बसला. मग वैशूनं सगळा वृत्तान्त सांगितला. बाबा अगदी फुलासारखे पायांवर उतरले, परफेक्ट. पण छत्री पडली ती मेंढ्यांवर, मेंढ्या घाबरून पळाल्या, दोऱ्या ताणल्या आणि बाबा पालथे. पार तिकडपर्यंत.

अबू खालिद वकिलासारखा पुढं झाला. "उम्म वैशाली, ये गिरा नहीं. इसको खरूफ ने गिराया. माफी मुश्किल!"

खरूफ म्हणजे मेंढा, आणि माफी मुश्किल म्हणजे काही हरकत नाही.

यांनी मात्र मान हलवली. "नाही. अट म्हणजे अट. अंग जमिनीला लागलं." आणि खाली बसून मशीनचं पातं सोडवायला लागले, अबू खालिदच्या गाडीत चढवण्यासाठी. एकेक नट काढून फडक्यात ठेवत होते, जसे दवाखान्यात ठेवायचे. कपाळावर घासाचं एक पान चिकटलेलं, त्याचा पत्ता नाही.

माझी अट पूर्ण झाली होती. मला हवं होतं तेच झालं होतं. पण मला त्या माणसाचा तो खाली घातलेला चेहरा बघवेना. सकाळी त्याच चेहऱ्यानं आकाशातून 'लातूर' म्हणून सांगितलं होतं.

"ते का खोलताय?" मी म्हटलं.

"पडलो ना."

"कोण म्हणतं?"

"वैशूनं बघितलं. मेंढपाळानं बघितलं. मला स्वतःला कळलं."

"पंच कोण आहे?"

हे थांबले. पाना हातात.

"मी डोळे झाकले होते," मी म्हटलं. "हात काढले तेव्हा तुम्ही उभे होता. जे मी बघितलंच नाही त्याचा निकाल मी कसा देऊ?"

"आई!" वैशू ओरडली. "आय सॉ एव्हरीथिंग! मी सांगतेय ना!"

"तुला गाडी चालवायला आणलं होतं. गाडी चालव."

अबू खालिदला कुणी भाषांतर करून सांगितलं नाही, पण त्याला समजलं असावं, कारण तो फडक्यातले नट गुपचूप यांच्या हातात परत द्यायला लागला. यांनी पातं पुन्हा बसवलं. घट्ट केलं. दोनदा हलवून बघितलं. मग माझ्याकडं न बघता, अगदी सहज म्हणाले, "मशीन न्यायचं तर कार्गोच्या पेटीत तेवढी जागा लागेल. तुझा तो डिनर सेट आणि दोन ब्लँकेटं..."

"अहो," मी म्हटलं, "आणखी एक शब्द बोललात, तर मी बघितलं होतं."